फेरारी एफ३५५ च्या बिलाबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्या गॅरेजला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा इंजिनातला रबरी पट्टा) बदलण्यासाठी गाडी दिली, बिल पहिल्या अंदाजपत्रकाच्या तिपटीच्या घरात गेले, गाडी कित्येक आठवडे अडकून राहिली आणि इतक्या कमी चाललेल्या गाडीत एवढे दोष निघूच शकत नाहीत, असा आपल्या तक्रारीचा आशय आहे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असेही आपण शेवटी म्हटले आहे. तक्रार सर्वांसमोर आली असल्याने उत्तरही सर्वांसमोर देत आहे. जुनी सुपरकार घेण्याच्या विचारात असलेल्या इतरांना त्यातून काही उमगले तर चांगलेच आहे.

आपली गाडी फेरारी एफ३५५ आहे. १९९४ ते १९९९ या काळात बनलेल्या या मॉडेलला ३.५ लिटरचे व्ही८ इंजिन असून प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण ४० व्हॉल्व्ह आहेत. टायमिंग बेल्ट हा या इंजिनातला काही महागडा भाग नव्हे. खर्च होतो तो त्या बेल्टपर्यंत पोहोचण्याचा. बेल्ट इंजिनच्या पुढच्या तोंडाला, सीटमागच्या पत्र्याला अगदी खेटून बसवलेले आहेत आणि तिथे पाना घालायला जागाच नाही. त्यामुळे कूलंट काढून, इंधनाच्या नळ्या, वायरिंग आणि एक्झॉस्ट सोडवून, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची सबफ्रेम एकत्र खाली टेकवावी लागते आणि वरून गाडीचा सांगाडा लिफ्टने उचलावा लागतो. पुढच्या ३६० मोडेनात हेच काम सीटमागचे झाकण काढून होते आणि त्यानंतरच्या एफ४३० मध्ये तर बेल्ट जाऊन चेन आली आहे. त्या गाड्यांच्या मालकांकडून ऐकलेला खर्च आपल्या गाडीला लावणे म्हणूनच योग्य होणार नाही.

अंदाजपत्रक बेल्टच्या कामाचे होते आणि इंजिन उतरल्यावर जे दिसेल ते वेगळे कळवले जाईल, हे त्याच कागदावर लिहिलेले आहे. इंजिन उतरल्याशिवाय त्याच्या पुढच्या बाजूला काय चालले आहे हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्याकडे गाडी देताना आपण दोनदा विचार करावा, असे मी म्हणेन.

आता ‘गाडी चाललीच नाही तर झिजेल कशी’ या प्रश्नाकडे येतो, कारण आपला सगळा राग मुळात इथून निघालेला दिसतो. रबर किलोमीटर मोजत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा बेल्ट पुलीभोवती एकाच ठिकाणी वाकलेला राहतो, ऑइल सील कडक होतात, इंजिनच्या उष्णतेशेजारून जाणाऱ्या इंधनाच्या नळ्यांना बारीक भेगा पडतात आणि ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषत राहते. आपल्या गाडीचा बेल्ट वरून पाहता चांगला वाटत होता, परंतु टेन्शनरचे, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या पुलीचे बेअरिंग बोटाने फिरवले तर दर फेरीला एका ठिकाणी अडखळत होते आणि आतले ग्रीस सुकून काळे पडले होते. ते बेअरिंग जॅम झाले असते तर नवा बेल्टही टिकला नसता; आणि या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दातावरून घसरला तर पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. त्या दुरुस्तीपुढे आजचे बिल किरकोळ ठरले असते.

बिलातला सर्वांत मोठा आकडा व्हॉल्व्ह गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वर-खाली सरकते तिचा आहे. या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये ब्राँझचे गाइड होते आणि ते लवकर झिजतात, ही एफ३५५ सांभाळणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. गाइड झिजला की व्हॉल्व्हची दांडी डुगडुगते, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसत नाही, गाडी ऑइल खाऊ लागते आणि कॉम्प्रेशन गळते. आम्ही प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून गळती मोजली, तेव्हा दोन सिलिंडरमधली हवा एक्झॉस्टच्या बाजूने निसटत होती, इतकी की पोर्टपाशी कान नेल्यावर फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती. त्याचा व्हिडिओ आणि मोजमापे आपल्याला पाठवली होती आणि हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्यापूर्वी आपली लेखी संमती घेतली होती. हे काम पुढे ढकलण्याचा पर्यायही त्या पत्रात होता. मात्र तसे केल्यास इंजिन उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल, हेही आम्ही सांगितले होते आणि आपण तेव्हा विचारपूर्वकच निर्णय घेतला होता.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांचा संच, ही या गाडीची दुसरी जुनी दुखरी जागा आहे. पातळ नळ्या उष्णतारोधक आवरणात बंद असल्यामुळे आत पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली गेली की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो, संगणक अधिक पेट्रोल सोडतो आणि ते जास्तीचे पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते. आपल्या गाडीच्या एका बाजूच्या मॅनिफोल्डला, नळ्या जिथे एकत्र येतात त्या जोडाजवळ चीर होती. आपण लिहिलेला ‘थंड असताना येणारा टिकटिक आवाज’ तिथूनच येत होता.

दरवाजाची आणि डॅशबोर्डची चिकट झालेली बटणे साफ करून पुन्हा रंगवण्याचे काम आपणच सांगितले होते. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

उशीर झाला हे खरे आहे. हेडचे काम गाडी बनवणाऱ्याइतक्याच काटेकोरपणे करणारी मशीन शॉप फार थोडी आहेत आणि तिथे रांग असते. मॅनिफोल्डही मागवून यायला वेळ लागला. दर आठवड्याला आपल्याला स्थिती कळवली जात होती.

कोंबडीबद्दल एवढेच म्हणेन की ती चार आण्याची कधीच नव्हती. वापरलेल्या सुपरकारची बाजारातली किंमत वर्षांगणिक खाली-वर होते, परंतु तिचे सुटे भाग आणि तिच्यावर लागणारे कुशल हात नव्या गाडीच्याच भावात राहतात. विक्रेत्याने ‘सर्व्हिस हिस्टरी पूर्ण आहे’ असे आपल्याला सांगितले होते. ती फाइल आम्ही पाहिली. तिच्यात ऑइल बदलल्याच्या भरपूर नोंदी आहेत, पण टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची एकही नोंद नाही. खरेदीपूर्वी गळतीची तपासणी करून घेतली असती तर किंमत ठरवताना हा सगळा खर्च आपल्या बाजूने बोलला असता. मला वाटते, आपली नाराजी त्या व्यवहारावर अधिक आहे आणि ती आमच्या बिलावर निघाली.

बदललेले सर्व भाग, जुने गाइड आणि चिरलेला मॅनिफोल्डसुद्धा, आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेले आहेत. ते पाहायला किंवा अन्य कोणा जाणकाराला दाखवायला आपण केव्हाही यावे. बिलात सूट देण्याची आपली मागणी मात्र मान्य करता येणार नाही, कारण झालेले प्रत्येक काम आपल्या संमतीचे आणि गाडीच्या गरजेचे होते.

खर्च वाढू नये म्हणून आपण टायर बदलणे पुढे ढकलले आहे. टायरच्या कडेवरील कोडचे शेवटचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. आपल्या मागच्या टायरांवर १४०९ असे आहे, म्हणजे ते २००९ सालचे आहेत. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी ते रबर आता कडक झाले आहे आणि ओल्या रस्त्यावर ते धरणार नाही. नवे टायर बसेपर्यंत गाडी वेगात चालवू नये, ही विनंती डिलिव्हरीच्या कागदावर लिहिली आहे आणि इथेही पुन्हा करतो.