सत्तरीपुढचं मनगट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आईच्या कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या, ऑपरेशनवर मी लिहिलं, त्यावर आपली प्रतिक्रिया अशी: "काकू, भावनेच्या भरात लिहिलेलं दिसतंय. सत्तरीनंतर नस एकदा सुकली की सुकली, मग कापाकापी कशाला? शुगर, थायरॉईड, मानेचा मणका यांचा लेखात पत्ताच नाही. एका म्हातारीवरून जगाला सल्ले देऊ नयेत."

एका म्हातारीवरून! ती म्हातारी माझी आई आहे, एवढं लेख वाचणाऱ्याला कळायला हरकत नव्हती. आमच्या वेंगुर्ल्यात माणसं भांडताना कुणाचे सात पिढ्यांचे हिशेब काढतील, पण दुसऱ्याच्या आजारी आईबद्दल बोलताना जीभ आवरतात. आणि काकू कशावरून? आपलं वय मला ठाऊक नाही, माझं आपल्याला नाही.

राहिला भावनेचा भर. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. काजूच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या बायका केसपेपर करंगळीकडच्या बोटांत धरून पुढे करायच्या, कारण अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना कागद लागायचाच नाही. 'वात' म्हणून वेदनाशामक आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं माझ्याच हातून घेऊन गेल्या. हे मी पाहिलंय. आपण कुठे पाहिलंत?

आता ते 'नस सुकली की सुकली'. एक तर नस कुणी कापत नाही. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि ही मीडियन नस जाते. ऑपरेशनमध्ये त्या बोगद्याचं छत, म्हणजे वरचा जाड बंध, तेवढा कापतात. फक्त तळहात बधिर करून, बहुतेक वेळा १०-१५ मिनिटांत. दाब गेला की नसेचा रक्तपुरवठा सुधारतो आणि रात्रीच्या मुंग्या, ठणका बऱ्याच जणांचा काही दिवसांत उतरतो. सत्तरीपुढच्यांचासुद्धा. बधिरपणाची गोष्ट निराळी. मेलेले तंतू मनगटापासून पुन्हा वाढत बोटांच्या टोकापर्यंत पोचावे लागतात, तेही दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे काही महिने, आणि म्हातारपणी त्याहूनही सावकाश, बरेचदा अर्धवटच.

अंगठ्याच्या बुडाचं आटलेलं मांस या वयात सहसा परत भरत नाही, हे मान्य. आईचंही भरलं नाही. पण तेवढ्यावरून 'कशाला' म्हणायचं?

आईचा नसेच्या तपासणीचा रिपोर्ट वाईटच होता. गोव्यातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की झोप मिळेल, बोटांचं वचन देत नाही. त्याआधी ती मध्यरात्री उठून खाटेच्या कडेला बसायची, हात खाली सोडून झटकत, जणू ओला आहे. ऑपरेशननंतर ते थांबलं. त्रास झाला नाही असं नाही. तळहाताच्या दोन्ही कडा कित्येक आठवडे दुखत होत्या. जमिनीवरून उठायचं तर रेटा तळव्यानेच द्यावा लागतो, म्हणून पाटावर बसणंच सोडलं. ब्लाउजचे हूक अजून मीच लावते, आडाळीवर, म्हणजे विळीवर, नारळ तिला धरवत नाही. पण विचारलं तर म्हणते, "बोटां बधीर आसत, पण रातची झोप लागता. माका आणखी काय व्हया?" आपल्या हिशेबात झोप कुठल्या रकान्यात बसते?

उरलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. शुगर, थायरॉईडच्या तपासण्या करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतात. मी लिहिण्या-न लिहिण्यावर ते ठरत नाही. आणि जगाला सल्ला मी दिलेलाच नाही. 'निव्वळ वय बघून नाही म्हणू नका' एवढंच वाक्य होतं, ते आजही तसंच ठेवते. मानेचा मणका हा वेगळा विषय आहे. त्यावर आपणच लिहा, नाव घालून, मी छापते.