सहा जणांचा फुटबॉल आणि सात पटाची शाळा

शुक्रवारी रात्री मध्यंतराची शिट्टी झाली की आमच्या हायस्कूलचे तीन खेळाडू पाणी प्यायला जात नाहीत. हेल्मेट गवतावर टाकतात, कठड्यापाशी वाट बघत असलेल्या आयांकडून वाद्यं घेतात आणि गुडघ्याला चिखल लागलेल्या त्याच जर्सीत बँडच्या रांगेत जाऊन उभे राहतात. बँड अठरा जणांचा. हे तिघे पाणी पीत बसले तर ट्रॉम्बोन वाजवायला कोणी उरत नाही आणि झांजाही मुक्या राहतात. पाच-सात मिनिटं वाजवून झालं की वाद्य परत आईकडे, हेल्मेट डोक्यावर, आणि पुन्हा धडाधडी सुरू.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आता झांजा वाजवणारं ध्यान माझ्याच घरचं असल्यामुळे जपून हसते.

हे गाव अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या दक्षिणेला, कॅन्ससच्या सीमेपासून अर्ध्या तासावर. वस्ती नऊशेच्या आतबाहेर. धान्याची उंच कोठारं, पाण्याची टाकी, तिच्यावर रंगवलेलं शाळेचं बोधचिन्ह, आणि चहूबाजूंनी मका. माझा नवरा डॉक्टर. शिक्षणाचा व्हिसा संपल्यावर मायदेशी परत न जाता इथे राहायचं, तर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्या अटीवर आम्ही इथल्या पंचवीस खाटांच्या रुग्णालयात आलो. तीनाची नऊ वर्षं झाली. मुलगा यंदा दहावीत आहे. त्याच्या हायस्कुलात नववी ते बारावी मिळून मुलं अठ्ठावन्न.

हा आकडा मी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितला तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "बाय, अठ्ठावन्न म्हणजे बरा पट आहे की."

आण्णा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर द्विशिक्षकी शाळेत मास्तर होते, तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मी त्याच शाळेत शिकले. ते निवृत्त झाले तेव्हा पट एकवीस होता. पुढे चौदा, मग सात. माणसं मुंबईला गेली. जी राहिली त्यांच्यातल्या निम्म्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जायला लागली. शेवटी शाळा अडीच किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत 'समायोजित' झाली. मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे आणि त्याच्यावर साकव, म्हणजे अरुंद पूल. जुलैत त्या साकवावरून सहा वर्षांचं पोर एकटं कोण पाठवणार?

तिकडे हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. २०१७च्या अखेरीस दहा आणि त्याहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करायचा निर्णय झाला तेव्हा पेटला. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले तेव्हा पुन्हा पेटला. नंदुरबारच्या तोरणमाळच्या आणि पुण्याजवळच्या पानशेतच्या समूह शाळांची उदाहरणं दिली गेली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या आणि त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. पुढे मार्च २०२४चे संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणारे, निकष आले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या विषयाचे दोन ठरलेले पक्ष आहेत. एक म्हणतो, गरिबाची शाळा मोडून सरकार पैसे वाचवतंय. दुसरा म्हणतो, सात पोरांच्या शाळेत कसलं शिक्षण आणि कसला खेळ, मोठ्या शाळेत घाला, चार मुलांत मिसळू द्या. दुसरा पक्ष मूर्ख नाही. आण्णा स्वतः एका खोलीत चार इयत्ता शिकवत. पहिलीला बाराखडी गिरवायला लावून चौथीला भागाकार सांगायचा, आणि मधेच केंद्रप्रमुखांचा निरोप आला की सगळं सोडून माहितीचे तक्ते भरायचे. त्यातून चांगली मुलं निघाली ती आण्णांमुळे, त्या व्यवस्थेमुळे नव्हे.

पण 'कसला खेळ' या दोन शब्दांवर मी अडते, कारण माझा मुलगा जो फुटबॉल खेळतो तो सहा जणांचा आहे.

अमेरिकन फुटबॉल अकरांचा. १९३०च्या दशकातल्या मंदीत इथल्या लहान शाळांना अकरा धड मुलगे जमेनात. तेव्हा इथून जवळच्याच चेस्टर गावातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने १९३४मध्ये खेळच छोटा केला. मैदान शंभर यार्डांऐवजी ऐंशी, रुंदीही कमी, खेळाडू सहा. अकरांच्या खेळात आघाडीचे पाच जण फक्त धक्के द्यायला असतात, त्यांना पुढे फेकलेला पास झेलायची परवानगी नसते. सहांच्या खेळात सहाही जण झेलू शकतात. पहिला सामना त्याच सप्टेंबरात झाला, तोही चार गावांच्या दोन जोडसंघांत, आणि १९-१९ असा बरोबरीत सुटला. आज नेब्रास्का, टेक्सास, माँटाना अशा राज्यांत हा खेळ रीतसर स्पर्धांनिशी चालतो. एका संघाने पंचेचाळीस गुणांची आघाडी घेतली की मध्यंतरानंतर सामना तिथेच थांबवतात. आमचे बरेच सामने असेच थांबतात, आणि दरवेळी पुढे असतो तो समोरचा संघ, हेही सांगून टाकते.

मला आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा आठवतात. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. आमच्या शाळेत पाचवीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या मुली धरून होत सहा. म्हणून दरवर्षी आमचं नाव फक्त धावण्यात आणि लिंबू-चमच्यात. बाकीचा दिवस डबा मांडीवर घेऊन मोठ्या शाळांच्या मुलींना पाहत बसायचं. मी चपळ होते. खांबाशी वळताना माझ्यासारखी दुसरी नव्हती, असं आण्णा अजून म्हणतात. पण सहा जणींचा खो-खो का नसावा, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. मलाही नाही. ही जखम वगैरे नाही, पण इथल्या थंडगार लोखंडी बाकांवर बसून माझ्या जाड्या, धावण्यात कच्च्या मुलाने चेंडू झेलताना पाहिला तेव्हा घशात काहीतरी आलं. पाचशे मुलांच्या शाळेत त्याला संघात कोणी घेतलं नसतं.

इथल्या शाळेबद्दलच्या प्रेमाचं गुपित मला यात दिसतं. ही माणसं जन्मतः उत्साही नाहीत. उलट शेतकरी मंडळी, मोजून बोलणारी. पण अठ्ठावन्न मुलांत एकही जादा नाही. एकांकिकेत काम करणारा मुलगाच वक्तृत्वाला जातो, तोच वसंतात गोळाफेक करतो, तोच एफएफएचं निळं कॉर्डरॉयचं जाकीट घालून जनावरांची पारख करायच्या स्पर्धेला जातो. ही भावी शेतकऱ्यांची संघटना १९२८ची, आणि इथे तिच्या जाकिटाचा मान फुटबॉलच्या जर्सीपेक्षा तसूभर कमी नाही. पालकांनाही सुटका नाही. खाद्यपदार्थांच्या टपरीवर माझी पाळी महिन्यातून एकदा. चिप्सचं छोटं पाकीट उभं कापायचं, आत शिजवलेला खिमा, किसलेलं चीज, चिरलेला टोमॅटो घालायचा, वर काटा खोचायचा आणि द्यायचं. लोक उभ्याउभ्या खातात. चव सोडली तर ही भेळच.

आणि होमकमिंग. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एका आठवड्यात शाळेचे जुने विद्यार्थी डेन्व्हर, ओमाहा, कॅन्सस सिटीहून गाड्या हाकत येतात. मिरवणूक निघते, ट्रॅक्टरवरून. मुख्य रस्ता चार चौकांचा, त्यामुळे ती वीस मिनिटांत संपते. मग पुन्हा एक फेरी मारते. आमच्याकडे शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वाडी जशी उजळते, तशी ही गावं त्या आठवड्यात उजळतात. फरक एवढाच की आपला चाकरमानी पालखीसाठी येतो, देवळाच्या सभामंडपाला वर्गणी देतो, आणि ज्या शाळेत अक्षरं गिरवली तिच्या गळक्या छपराखालून हात जोडत पुढे जातो. मीही तशीच गेलेली आहे. दोनदा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फराळाच्या ताटासारखं नुसतं गोडच दिसेल. आमच्या शाळेत कॅल्क्युलस शिकवणारं माणूस नाही. दोन मुलं एका खोलीत पडद्यासमोर बसून साठ मैलांवरच्या शिक्षकाकडून शिकतात. इतिहासाचे सर फुटबॉलचे कोचही आहेत, आणि सामना गुरुवारी आला तर इतिहास थांबतो. लहान शाळेत नाव लागलं की लागलं. मुलगा पहिलीत एकदा रडला होता, त्यावरून पडलेलं टोपणनाव अजून सुटलेलं नाही, कारण वर्ग तोच, मुलं तीच, तुकडी बदलायची सोय नाही. वर्गात गहूवर्णी तो एकटा. कोणी वाईट वागलं असं नाही, पण हरलेल्या सामन्यानंतर त्याला गर्दीत मिसळून जाता येत नाही. आणि आण्णांना सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इथे गावाबाहेर राहणारं चौदा वर्षं दोन महिन्यांचं पोर शाळेचा परवाना काढून शाळेपर्यंत एकटं गाडी चालवू शकतं. आमचं चालवतं. साकव परवडला, म्हणाले.

शाळा मोडायला अमेरिकेला कोणी शिकवावं लागलं नाही. १९३०च्या आसपास या देशात एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या घरात होत्या. आज जेमतेम शे-दोनशे उरल्या असतील. १९४०च्या सुमारास स्कूल डिस्ट्रिक्ट १ लाख १७ हजार होते, आज तेरा हजारांच्या आसपास. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेएवढं अवाढव्य काही नव्हे. अनेकदा एक-दोन गावांपुरतं, स्वतःचं निवडून आलेलं मंडळ आणि स्वतःचा मालमत्ताकर असलेलं. रस्ते झाले, शाळेच्या बस आल्या, शेतं मोठी झाली आणि कुटुंबं लहान. नेब्रास्काने २००५मध्ये कायदाच केला की फक्त प्राथमिक वर्ग चालवणाऱ्या छोट्या डिस्ट्रिक्टांनी मोठ्यांत विलीन व्हायचं. लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला आणि नोव्हेंबर २००६मध्ये हाणून पाडला. पण तोवर विलीनीकरण उरकलेलं होतं. कायदा गेला, मोडलेली मंडळं परत आली नाहीत.

आमच्याही गावावर ही वेळ आली आहे. शेजारच्या गावाशी आधी फक्त खेळांसाठी जोडी जमवायची, आणि मग कदाचित शाळाही. मागच्या महिन्यात मंडळाची सभा झाली, व्यायामशाळेत घड्या उघडून मांडलेल्या खुर्च्यांवर. तीन तास. त्यातला दीड तास संघाचं नाव आणि जर्सीचा रंग यावर. एक म्हातारा उठला. त्याच्या बापाचा, त्याचा, त्याच्या पोरांचा वर्गाचा फोटो शाळेच्या भिंतीवर चौकटीत आहे. म्हणाला, रंग कुठलाही घ्या, त्या चौकटी कुठे जाणार ते आधी सांगा. अध्यक्षबाईंनी ते टिपून घेतलं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आहे: चौकटी.

आण्णांच्या शाळेच्या वेळी असं काही झालं नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात बहुसंख्य पालक. समितीला पत्र दाखवलं, सही घेतली. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. ती कशी देणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही, कारण विचारायची सवयच नाही. भिंतीवरचं तक्ते-नकाशांचं सामान टेम्पोतून गेलं. लेझमांचा जोड मागे राहिला तो आण्णांनी घरी आणून ठेवला.

मला विचाराल तर चौथी-पाचवीपर्यंतची शाळा पोराच्या पायाच्या टप्प्यातच हवी, पट सात असो की चार. त्या वयाला एक चांगला मास्तर पुरतो, आणि एका मास्तराचा पगार हा काही राज्य बुडवणारा खर्च नाही. आठवीच्या पुढे मात्र मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुसऱ्या पक्षाच्या बाजूची आहे. प्रयोगशाळा हवी, गणिताला वेगळा शिक्षक हवा, नऊ जणींचा खो-खोही हवा. तिथे समूह करा, पण आधी पूल बांधा आणि गाडी दारात आणा, आणि वाडीला खुर्च्या मांडून तीन तास भांडू द्या. रंगावरून का होईना. भावकीतले काही जण हे वाचून म्हणतील, अमेरिकेत बसून हिला काय जातंय बोलायला. खरं आहे. मी माझ्या मुलाला जी शाळा मिळाली तिच्या जोरावर बोलते आहे, आणि वाडीत राहिले असते तर त्याला बहुधा मीही पिवळ्या गाडीतच बसवलं असतं.

मार्चमध्ये जोडीवर मतदान आहे. आम्ही अजून इथले नागरिक नाही, त्यामुळे मला सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर आण्णांना मध्यंतराचं चित्रण दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून दोनदा पाहिलं. "जर्सी घातलेला हा झांजवाला आपला?" मी हो म्हटलं. आत गेले, लेझमांतली एक घेऊन आले, कॅमेऱ्यापुढे धरून वाजवली. कड्या गंजल्यात, आवाज बसका येत होता. म्हणाले, "तेल घालून ठेवतो. मे महिन्यात येशील तेव्हा चार त्याच्या बँडला घेऊन जा. इथे धरायला हात नाहीत."