सगळं एकत्र धुतलं तर बिघडतं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

कपडे निवडून वेगवेगळे धुवावेत या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कपडे निवडून वेगवेगळे धुणं ही आईच्या काळातली सवय आहे, तुमच्याकडे सगळं एकत्रच मशीनमध्ये जातं आणि आजवर काही बिघडलेलं नाही. सोसायटीत टँकर येत असताना तीन-तीनदा मशीन लावायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि ही निवडानिवड शेवटी बाईच्याच गळ्यात पडते.

पाण्याचं आधी घेते, कारण तो मुद्दा मलाही सगळ्यात मोठा वाटतो. अर्धवट भरलेलं मशीन तीनदा लावणं चुकीचंच आहे, यात दुमत नाही. पण कपडे वेगळे केले म्हणून आठवड्याचं धुणं वाढत नाही. आज गडद रंगाचे, दोन दिवसांनी फिके, सुट्टीच्या दिवशी चादरी-टॉवेल, असं लावलं की प्रत्येक वेळी मशीन भरलेलंच जातं. दोघांच्याच घरात पांढरे कपडे साठायला दहा दिवस लागले तर लागू देत, चार बनियन जास्तीचे ठेवावेत. फक्त घामाने ओले झालेले कपडे तसेच टोपलीत कोंबू नका. पावसाळ्यात त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

आता ‘काही बिघडलेलं नाही’ याबद्दल. कपडे बहुतेक पॉलिएस्टरचे असतील तर तुमचा अनुभव अगदी खरा आहे. पॉलिएस्टरला रंग १३० अंशांच्या आसपास तापवून धाग्याच्या आत घातलेला असतो. घरच्या कोमट पाण्यात तो सुटत नाही. जीन्सच्या निळीची, म्हणजे इंडिगो रंगाची, गोष्ट उलटी. नीळ सुताच्या वरच्या थरावर बसलेली असते, आतपर्यंत मुरत नाही, म्हणून घासलं की निघते. नव्या जीन्सने बॅगेचा पट्टासुद्धा निळसर होतो, मग शेजारी फिरणाऱ्या पांढऱ्या शर्टाचं काय? तो एका धुण्यात निळा होत नाही, हळूहळू मळकट दिसू लागतो, आणि सगळेच पांढरे कपडे सारखे मळकट झाले की डोळ्यांना ते जाणवत नाही. बनियनच्या पाकिटातला एखादा न वापरलेला उरला असेल तर रोजच्या बनियनशेजारी उन्हात धरून बघा.

रंगापेक्षाही मला तेलाची काळजी जास्त वाटते, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात पुण्यात सकाळी टाकीचं पाणी त्याहून गार असतं. त्या पाण्यात उशांचे अभ्रे धुतले तर तेल पूर्ण निघत नाही, राहिलेलं पिवळं पडतं आणि वाळलेल्या अभ्र्यालाही खवट वास येतो. स्वयंपाकघरातल्या फडक्यांचं तसंच. अभ्रे आणि फडकी गरम पाणी मागतात. त्यांच्याबरोबर तुमचा रेयॉनचा कुर्ता टाकलात तर तो आटेल, आणि कुर्त्यासाठी पाणी गार ठेवलंत तर तेल तसंच राहील. म्हणून मी फडकी तर मशीनमध्ये टाकतच नाही. बादलीत कढत पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवणं, मग साबण. एवढ्याला पाणीही फार लागत नाही.

हुक, चेन आणि टॉवेलचे सुटे धागे यांवर मूळ लेखात लिहिलंच आहे, ते परत सांगत नाही.

बाईच्या गळ्यात पडण्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्याचा मला रागही येतो. पण मशीनसमोर बसून ढीग निवडायची वेळ येते ती घरात टोपली एकच असल्यामुळे. दोन टोपल्या ठेवा, एक गडद, एक फिकी. ज्याने कपडा काढला त्यानेच तो योग्य टोपलीत टाकायचा, खिसे रिकामे करून. शाळकरी मुलालाही हे जमतं, नवऱ्यालाही जमायलाच हवं.

शेवटी, रंग पक्का करायला तुम्ही सुचवलेला मिठाच्या पाण्याचा उपाय. सुती कापड रंगवताना मीठ घालतात, रंग धाग्याकडे ओढला जावा म्हणून. रंगवून झालेल्या कपड्याचा सुटणारा रंग नंतर मिठाने पक्का होत नाही. नवी बांधणीची ओढणी असेल तर आतल्या बाजूचा कोपरा ओला करा, त्यावर जुना पांढरा रुमाल ठेवून इस्त्री दाबा आणि रुमाल उलटून बघा. ओढणी रेशमी असेल तर इस्त्री कोमटच ठेवा. रुमालाला रंग लागला तर ती ओढणी एकटीच, गार पाण्यात, हाताने धुवायची, न भिजत ठेवता, आणि सावलीत पसरून वाळवायची.