ते वाक्य लोम्बार्डीचं नव्हे, आणि त्याचा अर्थही तो नव्हे

दहावीचा निकाल असो की भारताने हरलेली फायनल, आमच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. चष्मा आणि हॅट घातलेले अमेरिकी फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी, आणि खाली ओळ: ‘जिंकणं म्हणजे सगळं काही नव्हे, त्याच्याशिवाय दुसरं काही नाहीच.’ पुढे तीन ठाम विधानं असतात. हे वाक्य लोम्बार्डीचं. ज्याने ते म्हटलं तो तसाच जगला, म्हणून सगळं जिंकला. आणि मुलांना लहानपणापासून हेच शिकवा. एकेक घेऊ.

वाक्य लोम्बार्डीचं? मग १९५३ साली जॉन वेनच्या एका हॉलीवूडपटात ते कसं आलं? तेव्हा लोम्बार्डी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सहायक प्रशिक्षक होता. फुटबॉलच्या वर्तुळाबाहेर त्याला फारसं कोणी ओळखतही नव्हतं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकी, हातात चेंडू घेऊन धावायचा.) १९५५ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने ते छापलं, तेही दुसऱ्याच माणसाच्या तोंडी. तो माणूस म्हणजे हेन्री ‘रेड’ सँडर्स, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा प्रशिक्षक.

सँडर्स दक्षिणेकडचा, जन्म नॉर्थ कॅरोलायनातला. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तो आधी प्रशिक्षक होता. पुढे अलाबामात प्रशिक्षक म्हणून दंतकथा बनलेला बेअर ब्रायंट तिथे त्याच्या हाताखाली सहायक होता. १९४९ साली सँडर्स यूसीएलएला आला आणि नऊ हंगामांत ६६ सामने जिंकला, १९ हरला, एक बरोबरीत सुटला. बहुतेक संघ नव्या ‘टी’ रचनेकडे वळले होते, तेव्हा हा जुन्या ‘सिंगल विंग’लाच चिकटून राहिला. लोक हसले आणि मग त्याच्याकडून हरले.

गडी मोठा हजरजबाबी. १९५० साली शारीरिक शिक्षणाच्या एका कार्यशाळेत त्याने हे वाक्य कसं टाकलं, त्याची हकिगत सांगितली जाते. ‘खरं सांगतो, जिंकणं म्हणजे सगळं काही नव्हे.’ मग लांबलचक शांतता. समोरच्यांना वाटलं असणार, आता खिलाडूवृत्तीवर प्रवचन येणार. आणि मग: ‘त्याच्याशिवाय दुसरं काही नाहीच!’ सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. फॉरवर्डमध्ये थांबणं टाइप करता येत नाही, म्हणून टोमण्याचा सुविचार झाला.

आता दुसरं विधान: म्हणणारा सगळं जिंकला. इथे जरा थांबावं लागेल, कारण १९५४ चा हंगाम या वाक्याची पुरती फिरकी घेतो.

त्या वर्षी यूसीएलएने नऊच्या नऊ सामने जिंकले. एकूण ३६७ गुण केले, दिले फक्त ४०. स्टॅनफर्डला ७२–० असं धुतलं. शहरातल्याच हाडवैरी यूएससीला ३४–० ने हरवलं. एवढं जिंकून हाती काय आलं? प्रशिक्षकांच्या मतदानात राष्ट्रीय अव्वल क्रमांक मिळाला, पण वार्ताहरांच्या मतदानात तो ओहायो स्टेटला गेला. दोन्ही संघ अपराजित, तेव्हा मैदानात सोक्षमोक्ष लावावा, तर सलग दोन वर्षं रोझ बोलला, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला, जाता येत नाही असा नियम आडवा आला. आदल्या हंगामाचा रोझ बोल यूसीएलए खेळला होता. म्हणून गेला कोण? ३४–० ने आपटलेला यूएससी! तोही तिथे ओहायो स्टेटकडून २०–७ ने हरला. सँडर्सचा सर्वोत्तम संघ घरी बसला. आणि जे दोन रोझ बोल त्याच्या वाट्याला आले, ते दोन्ही तो मिशिगन स्टेटकडून हरला. दुसरा १७–१४ असा अगदी काठावर. सगळं जिंकणारा तो हाच.

तिसरं विधान मुलांचं. १९५६ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचं एक प्रकरण उघडकीस आलं. हितचिंतकांचे छुपे निधी होते आणि त्यातून खेळाडूंना नियमापेक्षा जास्त पैसे जात होते. यूसीएलए एकटं नव्हतं. यूएससी, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठही त्यात होती. यूसीएलएला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि भांडणं इतकी विकोपाला गेली की ही विद्यापीठं ज्यात खेळत ती पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९५९ साली बरखास्त झाली. याचं खापर एका वाक्यावर फोडणं मला पटत नाही. असे निधी त्याआधीही होतेच. पण ‘त्याच्याशिवाय दुसरं काही नाहीच’ हे अक्षरशः खरं मानणारे हितचिंतक काय करतात, ते इथे दिसलं. दहावीच्या पोरांना हे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

लोम्बार्डीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ग्रीन बे पॅकर्स या आपल्या व्यावसायिक संघाच्या खेळाडूंसमोर तो हे वाक्य वापरत असे, यात शंका नाही. मात्र नंतर ते त्याला खटकू लागलं. जिंकणं नव्हे, जिंकण्याची इच्छा महत्त्वाची, अशी दुरुस्ती तो करी. ती दुरुस्ती फोटोखाली मी अजून एकदाही पाहिलेली नाही.

सँडर्सला स्वतःचं वाक्य परत मागायची संधीच मिळाली नाही. ऑगस्ट १९५८ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, वयाच्या ५३ व्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. लोम्बार्डी पॅकर्सचा प्रशिक्षक झाला तो पुढच्या जानेवारीत.