एकाच घरातले दोन डॉलर

पुण्याच्या मावसभावाशी रविवारी फोनवर बोलणं होतं, तेव्हा गाडी हमखास एका मुद्द्यावर येते. ‘तुमच्या अमेरिकेतही परदेशी पैशावर कायदा आहेच ना? मग आपला एफसीआरए कडक केला तर बिघडलं कुठे?’ एफसीआरए म्हणजे भारतातल्या संस्थांना येणाऱ्या परदेशी देणग्यांवरचा कायदा. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

इथला कायदा म्हणजे ‘फारा’ (फॉरिन एजंट्स रजिस्ट्रेशन ॲक्ट). नाझी प्रचार उघड व्हावा म्हणून १९३८ साली तो आला. परक्या सरकारसाठी वॉशिंग्टनमध्ये वजन वापरणाऱ्याने करार झाल्यापासून दहा दिवसांत न्याय खात्याकडे नोंद करायची आणि दर सहा महिन्यांनी हिशेब द्यायचा. ते कागद कुणालाही घरबसल्या वाचता येतात. २०२५च्या एप्रिलमध्ये भारतीय वकिलातीने वर्षाला १८ लाख डॉलर देऊन एक लॉबिंग फर्म, म्हणजे सरकारदरबारी शब्द टाकणारी कंपनी, नेमली, त्याचा करार मी तिथेच वाचला. २०१२ साली वॉलमार्टच्या लॉबिंगवरून आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि न्या. मुकुल मुदगल यांची चौकशी नेमली गेली, तीही अमेरिकी सिनेटकडे दिलेल्या विवरणांमुळे. (ती नोंद ‘फारा’तली नव्हे, लॉबिंगच्या दुसऱ्या कायद्यातली.) दिल्लीत कोण कुणासाठी शब्द टाकतो, याची अशी वही आजही नाही. ती हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण एफसीआरए ही वही नाही. ‘फारा’ म्हणतो, सांगा आणि करा. एफसीआरए म्हणतो, आधी परवानगी आणा. आणि हा दोर आवळला जातो तेव्हा फास बसतो तो लॉबिंगवाल्यांना नव्हे.

अमेरिकेतलं आमचं मंडळ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहाला पैसे पाठवायचं. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले तरी मुलांची शाळा सुटू नये, एवढाच हेतू. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नव्हती. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेकडे होती, आणि तिच्यामार्फत पैसे रीतसर जायचे. २०२०च्या सप्टेंबरात कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणंच बंद झालं. स्वतः नोंदणी करायची तर खातं दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं, शिवाय फॉर्म, सीए, ऑनलाइन विवरणं. तिथले गुरुजी मला म्हणाले, ‘साहेब, मी पोरांचं बघू की कागदांचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आमच्या घरातली गोष्ट. बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, मी अमेरिकी नागरिकत्व घेतलं. तिने स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे बँकेतून पाठवले तर कायद्याने ते देशी. मी पाठवले तर परदेशी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलं तरी. दोघांचेही पगार इथेच होतात.

परक्या सरकारांचा, कंपन्यांचा पैसा तपासायलाच हवा. त्यासाठी त्यांची नावं, रकमा, भेटीगाठी उघड करायला लावा. वसतिगृहाच्या धान्यासाठी दिलेल्या पाचशे डॉलरला मात्र नुसती नोंद पुरेशी धरा. ‘फारा’चीही व्याख्या नको तितकी सैल आहे, आणि त्याची धास्ती इथल्या लहान संस्थांनाही वाटते, पण तो कुणाच्या ताटातला घास अडवत नाही.

यंदा बायकोने तिचे पैसे पाठवले. माझे खात्यातच पडून आहेत, आणि दिवाळी झाली की तोडणीच्या गाड्या निघतील.