सेकंडहँड म्हणजे भंगार नव्हे

ग्रीक कंपन्यांनी घेतलेल्या जपानच्या जुन्या फेरी बोटींवरचा (माणसं आणि गाड्या नेणाऱ्या) तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘ग्रीकांनी जपानचं भंगार उचललं’ हे वाक्य खटकलं. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या ‘आनेक’ या फेरी कंपनीची गोष्ट जरा मागून बघायला हवी. ८ डिसेंबर १९६६ ला पहाटे ‘इराक्लिओन’ फेरी बुडाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. तीही सेकंडहँडच, मूळचं १९४९ चं ब्रिटिश जहाज ‘लेस्टरशायर’. वादळात आतला एक रेफ्रिजरेटरचा ट्रक सुटला आणि बाजूच्या दारावर आदळत राहिला. दार निघालं नि समुद्र आत! त्या संतापातून क्रीटवरच्या हानिया शहरातल्या सामान्य लोकांनी शेअर घेऊन १९६७ मध्ये स्वतःची कंपनी उभी केली. गंमत म्हणजे त्यांची पहिली फेरी ‘किडॉन’ हीसुद्धा एका जुन्या टँकरची केलेली. कोरी बोट परवडणार कुणाला?

जपानी बोटी नंतरच्या. आनेकच्या ‘क्रिती १’ आणि ‘क्रिती २’ या मूळच्या १९७९ च्या ‘न्यू सुझुरान’ आणि ‘न्यू युकारी’. जपानी कंपन्या पंधरा-वीस वर्षांत बोट विकून टाकतात, पण तोवर देखभाल चोख. जपानी फेऱ्यांमध्ये चटया अंथरलेले मोठे हॉल असतात, सगळे प्रवासी ओळीने आडवे. ग्रीसमधल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात अशा जागी केबिन आणि खुर्च्या बसतात, मागे उन्हात बसायचे डेक वाढतात. याला भंगार कसं म्हणणार?

जाता जाता: आपली भाऊचा धक्का–मांडवा रो-रो बोटही ग्रीसमध्येच बांधलेली आहे. फक्त ती २०२० मध्ये आली तेव्हा जवळजवळ कोरी होती.