पावणं, जरा सरका

काल सकाळी सव्वासातला मला माझ्याच घराच्या कट्ट्यावरून उठवण्यात आलं. 'माझ्याच' हा शब्द मुद्दाम लिहितोय, कारण या घराच्या बाबतीत तो माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

मी फोनवर होतो. आमचे मिस्त्री सकाळी सात ते साडेसात एवढाच वेळ फोन उचलतात. त्यानंतर ते कामावर असतात, माझ्या नव्हे. आणि आमच्या घरात रेंज फक्त कट्ट्यावर येते, तीही डाव्या अंगाच्या तिसऱ्या दगडावर. दुसऱ्यावर नुसतीच खरखर, चौथ्यावर काहीच नाही. बारा दिवसांनी मिस्त्री फोनवर घावले होते आणि "आज येतो" यातला 'आ' उच्चारून झाला होता, एवढ्यात खांद्यावर काठीचं टोक टेकलं.

"पावणं, जरा सरका."

"अण्णा, फोनवर बोलतोय."

"बोला की. आमी तोंड कुटं धरलंय? बूड सरकवा म्हनतोय."

मी सरकलो. फोन कटला. अण्णांनी बगलेतल्या गोणपाटाची घडी तिसऱ्या दगडावर अंथरली, बसले, चंची सोडली आणि चुना मळता मळता मला म्हणाले, "आला का मिस्त्री?"

प्रास्ताविक थोडक्यात उरकतो. सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका, आजोबांचं घर, 27 वर्षं कुलूप. निवृत्तीनंतर गावी राहायला जायचं, असं मी पुण्यात पंधरा वर्षं सांगत आलो. एके दिवशी बायको म्हणाली, "मग चला." बोलणाऱ्याची अशी अडचण होते. फेब्रुवारीत कुलूप काढलं. काढलं म्हणजे कोयंड्यासकट हातात आलं, वाळवीनं बाकीचं काम आधीच केलं होतं. दोन महिन्यांत घर राहण्याजोगं होईल, असा अंदाज होता. आता आषाढ सरत आला आणि आम्ही माजघरात तीन बादल्या आणि एक पातेलं मांडून झोपतो.

मिस्त्री मध्यंतरी बेंदराला म्हणून गेले ते गेलेच. त्यांच्याकडे बैल नाहीत, मोटारसायकल आहे.

पण मला सांगायचंय ते अण्णांबद्दल. अण्णा आमचे कुणी लागत नाहीत. पलीकडच्या आळीत त्यांचं स्वतःचं दुमजली, स्लॅबचं घर आहे, त्याला पुढं ग्रॅनाईटचा कट्टाही आहे. त्यावर ते बसत नाहीत. "गार लागतंय," म्हणतात. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते दिवेलागणीपर्यंत ते आमच्या कट्ट्यावर असतात. घर बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, असं गावात सांगतात. तिसरा दगड बसून बसून गुळगुळीत झालाय आणि मागच्या भिंतीवर, डोकं टेकतं तिथं, तेलकट काळा गोल आहे. मार्चमध्ये मी त्यावर चुन्याचे दोन हात मारले. चौथ्या दिवशी गोल परत हजर, आधीपेक्षा ठसठशीत, कारण पाठीमागं पांढरं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "कुनाचं पावणं?" मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पुन्हा वरपर्यंत आले आणि म्हणाले, "आसं व्हय. म्हंजी घरातलंच पावणं." तेव्हापासून मी पावणाच.

मिस्त्री पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हाची गोष्ट. मागच्या भिंतीला मोठी भेग आहे, हात जाईल एवढी. मिस्त्रींनी तीत थापी घालून बघितली आणि गंभीर चेहरा केला. गंभीर चेहऱ्याचे पाच हजार रुपये वेगळे पडतात, हे मला तोवर कळलं होतं. एवढ्यात दारातून आवाज आला.

"तिला हात लावू नका. सदुसष्टची हाय ती."

अण्णा कट्टा सोडून आत आले. कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाट. हे सगळं त्यांनी उभं राहून सांगितलं. कोण कुठं झोपलं होतं, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, कोण अंगावर धोतर नसताना देवळापर्यंत धावला. (हा माणूस कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण इतके बारकावे परक्याचे लक्षात राहत नाहीत.) "त्या दिसापास्नं ती भेग एक सूत हालली न्हाय. भित जिरलीया तिथं. आता तुमी उकरली तर मग बगा."

"आणि ही?" मिस्त्रींनी माजघरातली दुसरी भेग दाखवली. मला विचारायचं सोडून त्यांना विचारलं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"ती भूकंपाची न्हाय. ती ह्यांच्या चुलत्याची." अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "वाटणीच्या वक्ताला पहार घातली हुती भितीत. म्हनला, माझा हिस्सा मोजून द्या न्हायतर आत्ता पाडतो. धा-बारा घाव घातलं. मग चा प्याला आन् गेला."

या चुलत्यांचा फोटो आमच्या पुण्याच्या घरात हार घालून लावलेला आहे. शांत, सोशिक म्हणून ते आमच्या खानदानात प्रसिद्ध.

मालकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढला. मालक या रकान्यात आजोबांचं नाव, ते वारले 1981 साली. शेजारचा रकाना भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष कोण राहतं त्याचा. तिथं लिहिलंय 'स्वतः'. सरकारी कागदानुसार या घरात सध्या आजोबा एकटेच राहतात. वारसनोंदीसाठी चार चुलतभावंडांच्या सह्या लागतात आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ते एक वेगळंच पुराण आहे. मुंबईच्या चुलतबहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "माझी सही घे, पण त्याच्या सहीच्या खाली नको."

छपराचंही तेच. मंगलोरी कौलं बदलायची म्हणून एक काढून उलटं केलं, तर पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं, खणखणीत. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यांचं बघून तिथं कारखान्यांची रांग लागली. तिथलं हे कौल समुद्रावरून, घाटावरून, बैलगाडीतून या आळीत आलं, शंभरेक पावसाळे झेलले आणि फुटलं कधी, तर मिस्त्रींचा पोरगा त्यावर उभा राहून मोबाईलवर बोलत होता तेव्हा. आढ्यावर रेंज चांगली येते म्हणे. माझे गुडघे आढ्यावर चढण्याजोगे राहिलेले नाहीत, नाहीतर मी अण्णांच्या वाटेला गेलोच नसतो.

आता मोरीकडं येतो, कारण खरा राग तिथं आहे. बायकोची एकच अट होती, न्हाणीघर घरात पाहिजे. पाणी काढायला वाट एकच, पुढच्या गटारात. मागच्या बाजूला चुलतभावाचं परडं आहे आणि तो म्हणतो, वाटणी आधी, पाईप नंतर. म्हणजे पाईप माजघरातून सोप्यात आणि सोप्यातून कट्टा फोडून सरळ बाहेर. मिस्त्रींनी पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, दोरी धरली, उतार बरोबर बसला. दोरी जाते कुठून, तर तिसऱ्या दगडाच्या पोटातून.

मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली. "अण्णास्नी इचारलं का?"

"घर माझं आहे, मिस्त्री."

"ते हायच की. पर इचारलं का?"

अण्णा बाहेर ऐकत होतेच. ओरडले नाहीत, हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाले, "फोडा. म्हातारं मानूस काय, बसंल कुटं बी. उनात बसंल." मग मिस्त्रींकडं वळून, "तुझ्या बापानं घडवलाय ह्यो दगड. घाल छिन्नी."

मिस्त्रींनी पाईप वळवला. दोन एल्बो जास्त लागले, नऊ फूट पाईप जास्त लागला आणि उतार संपला. आता आंघोळ झाली की पाणी मोरीत घोट्यापर्यंत साचतं आणि विचार करत करत दहा मिनिटांनी जातं. साबणाच्या गढूळ पाण्यात टॉवेल गुंडाळून उभं राहताना मला रोज बाहेरून अण्णांचं खाकरणं ऐकू येतं. पाईपचे जादा पैसे मी दिले, मजुरी मी दिली, आणि परवा बायको म्हणाली, "तुम्हाला एका म्हाताऱ्याला उठवता येत नाही?" येत नाही. तिला येत असेल तर तिनं उठवावं. ती त्यांना रोज चहा नेऊन देते.

आणखी चीड येते ती याची की हा माणूस बरोबर निघतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा धरत नाही, ओल आत कोंडते, हे त्यांनी मार्चमध्ये सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पन्नास किलोची सोळा पोती घातली. पहिल्या वळवातच गिलावा पापडासारखा फुगला आणि एका रात्री दाणकन सगळा खाली. भूकंप समजून मी कट्ट्यावर धावलो, नशिबानं लुंगी होती. सकाळी अण्णांनी ढिगाऱ्याकडं बघितलं. "मी म्हनलं हुतं" असं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त चुना मळला.

तर काल. उठवलो गेल्यावर मी रस्त्यापलीकडं जाऊन, गटाराच्या कडेला, मोबाईल डोक्याच्या वर धरून उभा होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई सायकलवरून आला. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि सायकल सरळ कट्ट्याला टेकवली.

"मालक हायत का?"

"हाय की," अण्णा म्हणाले. "आन हिकडं."

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, ओठ हलवत पूर्ण वाचला, शिपायाच्या वहीत सही केली. मग कागदाची घडी घालून, बसल्या जागेवरून हात लांब करून माझ्यापुढं धरली.

"पावणं, घरपट्टी वाढलीया तुमची. न्हाणीघर धरलंय त्येच्यात."